बोटभर सैल

बांबोळीच्या पठारावर, तळघरात,
सहा फूट काँक्रीटच्या आड
न्हानू हरमलकर उताणे पडलेत.
तोंडावर प्लास्टिकची जाळी,
मीच ऊन पाण्यात मऊ करून
त्यांच्या नाकाडावर दाबली होती, महिन्यापूर्वी.
"आज म्हाकाच घातलो न्ही जाळ्यांत!" म्हणाले होते.
मालीमच्या जेटीवर चाळीस वर्षं
बांगड्यांची, इसवणांची पावणी करणारा आवाज.
आता लॉटरीच्या जुन्या तिकिटांमागे
पेन्सिलीने लिहितात.

वरच्या खोलीत नवा प्रोग्राम आलाय.
गळ्याचा स्कॅन दिला की
लाळेच्या ग्रंथी, मणका, जबडा,
सगळ्यांना रंगीत कुंपणं घालून देतो
चहा गार व्हायच्या आत.
डॉ. इव्हेट कुलासोंची याच कामात
दुपार जायची, कधी संध्याकाळही,
आखडलेलं मनगट टेबलाच्या कडेवर आपटत.
आता त्या पेशंटपाशी स्टूल ओढून बसतात.
"मला विचाराल तर मी त्याला पेढे देईन," म्हणाल्या,
"पण खाली सही माझीच जाते ना."

रुक्मांगद फिजिसिस्ट. त्याच्याकडे पेढेबिढे नाहीत.
तो प्रत्येक कुंपण पुन्हा चालून बघतो,
रात्रीत बांध कोणी सरकवला का, तसं.
दातातल्या चांदीच्या रेघा स्कॅनवर उमटल्या
की हा गडी हमखास फसतो, म्हणतो.
"आणि शिकलाय कुणाच्या गळ्यांवर?
आपल्याकडचे गुटख्याने मिटलेले जबडे
पाहिलेत का त्याने एकदा तरी?"
कंपनीच्या माणसाने टाय सारखा केला.
उत्तर मेलवर येणार होतं.

ट्रॉली ढकलणारा सांतान लिफ्टपाशी विचारतो,
"बाय, आमचें कितें जातलें?"
मी म्हटलं, ट्रॉली कोण ढकलणार तुझ्याशिवाय?
हसला.
ते उत्तर खरं तर मी मलाच दिलं होतं,
आणि मला पटलं नव्हतं.

एक गोष्ट मी घरीही सांगितलेली नाही.
शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी, अर्ध्या झोपेत,
मी टेबल डावीकडे सरकवलं. हवं होतं उजवीकडे.
बारा मिलिमीटर.
बीम सुटला नाही. स्क्रीन लाल झाली, एवढंच.
कोणी ओरडलं नाही, कोणी पाहिलं नाही.
टेबल जागेवर आणलं, बाहेर आले
आणि खूप वेळ हात धुतले.
तेव्हापासून मी त्याला नावं ठेवत नाही.

आज मात्र
स्क्रीन हिरवी आहे. हाडावर हाड बसलंय, सगळं जुळतंय,
आणि मास्क लावताना माझं बोट
गाल आणि जाळीच्या मध्ये शिरलं,
थेट दुसऱ्या पेरापर्यंत.
सोमवारी नख शिरत नव्हतं.
"काका, जेवण जातंय?"
जाळीत मान हलत नाही. त्यांनी डोळे मिटले.
मी क्लिपा उघडल्या, पेन्सिल हातात दिली.
*पेज लेगीत देंवना.*

वर फोन केला. इव्हेट आल्या,
मागून रुक्मांगद, चप्पल फटफटवत.
तिघांची बोटं आळीपाळीने त्या फटीत.
कोणी काही बोललं नाही.
पुन्हा स्कॅन. नवा मास्क. नाकातून नळी.
कुंपणंही नवी, ती तोच घालील,
आणि बरंच आहे, नाहीतर न्हानूंचा
आणखी आठवडा गेला असता.

ऊन पाण्यात नवी जाळी मऊ होत होती.
काट्यावरून उतरून त्यांनी भुवई उडवली: किती?
मी काही बोलायच्या आत
स्वतःच तीन बोटं वर केली.
मी मान हलवली. चार?
पाच?
मी सहा दाखवली.
त्यांनी मांडीवर थाप मारली,
जेटीवर शेवटच्या बोलीला मारायचे तशी,
आणि टेबलाकडे निघाले.